मंडईच्या शेजारचं वाद्यांचं दालन

अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईत लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ उभं राहिलं, तर पुण्यात वाजणारी बहुतेक वाद्यं एकाच जागी ऐकायला मिळतात. आधी नगारा आणि सनई, मग गणवेशातल्या बँडच्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट, त्यामागे ढोल-ताशांची पथकं. मानाच्या गणपतींची मिरवणूक इथून निघते आणि लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाते. एरवीची मंडई भाजीच्या भावांनी, हातगाड्यांनी आणि तुळशीबागेकडे वळणाऱ्या गर्दीने भरलेली असते. १८८६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिलेली, पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने महात्मा फुल्यांचं नाव मिळालेली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत पुणेकरांनी मनात भाजीपाल्यासाठीच नोंदवून ठेवली आहे. माझ्या मनात मात्र ती वाद्यांच्या वाटेवरचं पहिलं ठिकाण म्हणून आहे. कारण इथून थोडंसं चाललं, की बाजीराव रस्त्याच्या पलीकडे नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय लागतं आणि त्या संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे.

माझ्या ओळखीच्या कित्येक पुणेकरांनी शाळेच्या सहलीनंतर तिथे पाऊल टाकलेलं नाही. त्यांच्यातलेच काही जण परदेशात गेले, की लिव्हरपूलला जाऊन ‘द बीटल्स स्टोरी’ आवर्जून पाहतात. पाहावंच असं ते आहे. १९९० साली तिथल्या गोदीच्या जुन्या इमारतीत सुरू झालेल्या या संग्रहालयात चार मुलांची सगळी कहाणी दालनादालनांतून उलगडते. बीटल्स जिथे सुरुवातीला वाजवत, त्या कॅव्हर्न क्लबची प्रतिकृतीही तिथे आहे. मूळ कॅव्हर्न १९७३ साली भुयारी रेल्वेच्या कामासाठी पाडला गेला आणि पुढे जुन्या विटा वापरून पुन्हा बांधला गेला. आपण काय पाडून बसलो, हे त्या शहराला उशिरा कळलं. पण कळल्यावर त्याने त्या चार मुलांची प्रत्येक खूण जपली. झांजिबारच्या स्टोन टाउनमध्ये २०१९ पासून ‘क्वीन’ बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचंही संग्रहालय आहे. हा फ्रेडी, म्हणजे फारूख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला आणि १९५८ मध्ये चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ हा आपला पहिला बँड तिथेच काढला. त्या मित्रांपैकी एकाने पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. जगातल्या एका मोठ्या रॉक गायकाची सुरुवात पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर झाली, आणि ती पाहायला लोक मात्र झांजिबारला जातात.

या संग्रहालयांत वस्तूला मोल येतं ते माणसाच्या नावामुळे. एखादी गिटार काचेमागे जाते, कारण ती अमक्याने वाजवली. नातूबागेतल्या दालनात याच्या नेमकं उलटं आहे, आणि म्हणून मला ते जास्त जवळचं वाटतं. तिथली सारंगी कोणी वाजवली, कोणी घडवली, हे बहुधा सांगता येत नाही. ती तिथे आहे, कारण ती सुंदर आहे आणि कोणाच्या तरी हाताने मन लावून केलेली आहे.

हे दालन ज्यांच्यामुळे आहे, त्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) कविता लिहिली ती ‘अज्ञातवासी’ या नावाने. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा ध्यास लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. वाडे पडत होते, घरं वाटली जात होती, पितळेचे दिवे आणि अडकित्ते मोडीत जात होते, त्या काळात हा माणूस गावोगाव फिरून ते गोळा करत होता. पत्नी कमलाबाईंची त्यात पुरती साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि सगळा संग्रह त्याच्या नावाने उभा राहिला. तिथे गेल्यावर पाटीवरचं ‘राजा’ हे नाव एका लहान मुलाचं आहे, हे मुलांना जरूर सांगावं. १९७५ मध्ये केळकरांनी संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तू, आणि त्यातल्या एका वेळी मांडता येतात त्या थोड्याच. बाकीच्यांना जागा नाही. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली.

संग्रहाचा कल पाहिला, तर केळकरांची दृष्टी कळते. दौती, वज्री, फण्या, दिवे, पानाचे डबे, दरवाजे, चित्रकथी, कातडी बाहुल्या. रोज हाताळायच्या वस्तूवर कारागिराने जीव का टाकावा, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. कोथरूडच्या मस्तानीच्या वाड्याचे लाकडी अवशेष त्यांनी आणून इथे पुन्हा उभे केले. आज ‘मस्तानी महाल’ म्हणून आपण पाहतो ते हेच. कॅव्हर्नच्या जुन्या विटा वाचवायची बुद्धी लिव्हरपूलला झाली, त्याच्या कितीतरी आधी पुण्यातला एक चष्मेवाला कवी स्वतःच्या बळावर हे काम करत होता.

आता वाद्यांकडे. आपल्याकडे वाद्यांची विभागणी नाट्यशास्त्रापासून चार प्रकारांत होते: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन, म्हणजे तारेची, फुंकायची, चामडं मढवलेली आणि आघाताची. ती मनात ठेवून दालनात फिरलं, की गोंधळ होत नाही. मी स्वतः नेहमी आधी तंतुवाद्यांपाशी रेंगाळतो. सारंगी एकाच लाकडाच्या ओंडक्यातून कोरून काढतात आणि पोटावर बकऱ्याचं कातडं ताणतात. वाजवायच्या तारा तीन, त्याही तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. पण खाली तीस-चाळीस तरफेच्या तारा असतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. वरचा सूर नेमका लागला, की त्या आपोआप झंकारतात. नखाच्या मुळाशी तात दाबून सारंगिये वाजवतात आणि तिथे घट्टे पडतात. हे ठाऊक असलं, म्हणजे काचेमागची ती गप्प लाकडी पेटी एकदम कोणाच्या तरी बोटांची होते. शेजारी मोराच्या आकाराचं ताऊस दिसलं, तर त्याची मान आणि पिसारा पाहून झाल्यावर पडद्यांकडेही पाहावं. हे शोभेचं खेळणं नाही, गजाने वाजवायचं पुरतं वाद्य आहे.

तंबोऱ्यांपाशी मिरजेची आठवण होणारच. तिथले शिकलगार मूळचे शस्त्रं घडवणारे. लढाया संपल्या, संस्थानांत गाणं वाढलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तलवारीवरचा हात तंबोऱ्यावर वळवला. पंढरपूर परिसरातल्या शेतांतून येणारे मोठे भोपळे ते वाळवतात, कापतात, त्याला लाकडी दांडी जोडतात. घोडीवर तार टेकते तिथे दोरा सरकवून तारेला झंकार देणारी जवारी लावणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम, आणि ते कानानेच करावं लागतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कामाला सरकारदरबारी ओळख मिळायला पावणेदोनशे वर्षं लागली.

लोकवाद्यांपाशी मात्र माझं मन वेगळं होतं. संबळ, तुणतुणं, डफ, दिमडी. गोंधळी, शाहीर, वाघ्या-मुरळी यांची ही वाद्यं. एका तारेचं तुणतुणं. त्याच्याकडे एकच सूर, पण तो धरून ठेवल्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही. संबळाच्या दोन काठ्यांपैकी एक पुढे वाकडी असते, हे लांबून बघणाऱ्याला कधी दिसत नाही. शास्त्रीय संगीताला दाद देणारा पुणेकर या वाद्यांपुढून भरभर जातो, हे मला खटकतं. मोठ्या बैठकींच्या कितीतरी आधीपासून यांनीच महाराष्ट्राचं गाणं गावोगाव पोचवलं आहे.

जाण्याआधी एक तयारी करावी. फोनमध्ये पंडित रामनारायण यांची सारंगी आणि एखादा जुना गोंधळ घेऊन जावा, आणि इअरफोन लावून त्या त्या वाद्यापुढे उभं राहून ऐकावं. वाद्य डोळ्यांनी बघितलं आणि त्याचा आवाज कानात नसला, तर ती भेट अर्धी राहते. मुलांना तर असंच न्यावं.

मंडईजवळच्या या दालनात मला एकाच गोष्टीची उणीव जाणवते, आणि ती मी बऱ्याच जणांना बोलून दाखवली आहे. पुण्याने आपल्या बँडचं काही जपलेलं नाही. पुण्यात आणि खडकीत लष्करी छावण्या आल्या, त्यांच्याबरोबर पितळी वाद्यं आली, आणि काही दशकांत ती आपल्या वरातींत आणि मिरवणुकांत शिरली. पाश्चात्त्य स्वरांसाठी घडवलेल्या क्लॅरिनेटमधून आपल्या वादकांनी भोकांवरून बोट हळूहळू सरकवत आणि ओठांचा दाब बदलत सुरातून सुरात घसरत जाणारी मींड काढली. रागदारी, नाट्यपदं, अभंग, चित्रपटगीतं, सगळं त्यावर आणलं. सोलापूरकर घराण्याचा प्रभात ब्रास बँड मानाच्या गणपतींपुढे वाजतो, तेव्हा बाजूची गर्दी चालायची थांबते, हे मी पाहिलेलं आहे. या लोकांनी केलेलं काम कोणत्याही रॉक बँडपेक्षा कमी नाही. परकी वाद्यं घेतली, आपली गाणी त्यांत बसवली, रस्त्यावर उभं राहून हजारोंना ऐकवली. पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचंही असंच झालं होतं. बाहेरून आलेलं वाद्य म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तिला तीस वर्षं दूर ठेवलं, तरी लोकांनी तिला घरातच ठेवून घेतलं. पेटीला पुढे मान मिळाला. बँडवाल्याला अजून पुरता मिळालेला नाही. लग्नात त्याला फाटकाबाहेरच जेवायला वाढतात, असं चित्र अजूनही दिसतं, आणि ते बदललं पाहिजे.

म्हणून या बँडची जुनी क्लॅरिनेट, युफोनियम, जरीच्या पट्ट्यांचे गणवेश, सरगम उतरवलेल्या वह्या, सुपाऱ्यांच्या नोंदी, मिरवणुकीतली छायाचित्रं, हे सगळं मोडीत जायच्या आत कुठेतरी एकत्र यायला हवं. मंडईइतकी योग्य जागा दुसरी नाही. मिरवणूक इथून निघते, अखिल मंडई मंडळाचे शारदा-गजानन इथलेच, आणि आता भुयारी मेट्रोचं स्थानकही इथे आहे. बावधनला केळकर संग्रहालयाच्या विस्ताराचा विचार बऱ्याच वर्षांपासून आहे. तो पूर्ण झाला, तर त्यातही बँडला एक खोली मिळावी. तीस वर्षांनी या वह्या शोधायला निघालो, तर त्या सापडणार नाहीत.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातलं एखादं वाद्य किंवा बँडची वही माळ्यावर पडलेली आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी केळकर संग्रहालयात एकदा विचारावं. आणि बाकीच्यांनी मंडईत भाजीला आलात, की पिशवी घरी ठेवून तासभर नातूबागेत जावं. दालनांत शिरताना वाद्यं आधी बघा. मस्तानी महाल नंतर पाहिला तरी चालेल.