जुन्या मालवाहू पिकअपच्या इंजिनातील बिघाड : इंजिन उघडण्यापूर्वी काय पाहावे?

शेतमाल बाजारपेठेत वेळेवर पोहोचविण्याचे काम आज बहुतेक गावांत लहान मालवाहू पिकअप गाड्यांकडे आहे. यांतील कित्येक गाड्या दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या असून दुसऱ्या वा तिसऱ्या हाती आलेल्या असतात. अशी गाडी पहाटे सुरू झाली नाही तर तोडलेली मेथी-कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरकडे निघालेली गाडी भर एप्रिलमध्ये आंबा घाटाच्या चढावर उभी राहिली तर नुकसान केवळ भाड्याचे होत नाही. म्हणून शेतकरी बंधूंना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना बिघाडाचे मूळ शोधण्याची रीत ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रत्येक दुरुस्ती स्वतः करावी असा याचा अर्थ नव्हे. परंतु दोष कोठे आहे हे समजल्याविना इंजिन उघडावयास देऊ नये, एवढे तरी साधले पाहिजे.

प्रथम एक मर्यादा सांगणे जरूर आहे. पुढील माहिती यांत्रिक इंधन पंप असलेल्या जुन्या डिझेल इंजिनांविषयी आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धूरविषयक मानके देशभर लागू झाली. त्या काळातील बहुतेक डिझेल गाड्यांत ‘कॉमन रेल’ पद्धती आहे. तिच्यातील डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहूनही अधिक असू शकतो. अशा इंजिनाच्या नोझलकडील नळ्या चालू स्थितीत कधीही सैल करू नयेत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन सुमारे सतरा ते बावीस पटींनी दाबतो. त्यामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तप्त हवेत नोझलने बारीक फवारा सोडताच डिझेल पेट घेते. तेव्हा पुरेशी दाबलेली हवा, योग्य वेळी मिळणारे स्वच्छ डिझेल आणि इंजिन फिरविण्याचा पुरेसा वेग, या तिहींपैकी काय कमी पडत आहे एवढाच प्रश्न असतो.

गाडी सुरू होत नसेल तर सेल्फ मारून नुसते ऐकावे. इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल तर दोष बहुधा विजेचा असतो. अशा वेळी बॅटरीच्या टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी काढून ती घट्ट करावीत, तसेच इंजिनापासून चॅसीकडे जाणारी अर्थची पट्टी पाहावी. पूर्ण भारलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी तपासून घ्यावी. ज्या इंजिनास हीटर प्लग असतात, ते थंडीत न तापल्यासही पहाटे त्रास होतो.

इंजिन चपळपणे फिरते, तरीही सुरू होत नाही, अशा वेळी एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. पांढरट धूर येत असेल तर डिझेल पोहोचत आहे, परंतु पेटत नाही. धूर मुळीच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. ही एवढी पाहणी पुष्कळ खर्च वाचविते.

डिझेलमार्गात शिरलेली हवा

डिझेल न पोहोचण्याची कारणे साध्यापासून पाहावीत. टाकीत डिझेल आहे काय? इंजिन बंद करण्याची तार वा सोलेनॉइड ‘बंद’ स्थितीतच अडकले आहे काय? फिल्टरच्या तळाशी पाणी साचले आहे काय? पाणी असल्यास खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकावे. ड्रमातील डिझेल तळापासून उपसून भरणाऱ्यांच्या गाडीत हा दोष हटकून आढळतो. गाडी काही अंतर नीट चालून बंद पडत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी पुन्हा चालू लागली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. काडीने साफ होणाऱ्या या छिद्रापायी पंप बदलण्याची वेळ येऊ नये.

परंतु जुन्या गाड्यांतील सर्वांत फसवा दोष म्हणजे डिझेलमार्गात हवा शिरणे हा होय. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढले जाते. त्या भागात नळीस बारीक चीर गेली, तर डिझेल बाहेर झिरपतेच असे नाही. उलट हवा आत शिरते. म्हणून नळी कोरडी दिसली तरी ती निर्दोष समजू नये. पंपापासून पुढे मात्र डिझेल दाबाखाली असते व तेथील गळती ओलाव्याने दिसून येते. हवा शिरत असल्यास रात्रभरात नळीतील डिझेल टाकीकडे परतते. मग गाडी सकाळी फार त्रास देते, एकदा सुरू झाल्यावर दिवसभर कुरकुर करीत नाही. हे लक्षण सांगताच ‘पंप गेला’ असे निदान करणारे कारागीर आहेत. पंप उतरविण्यापूर्वी पुढील कसोटी अवश्य घ्यावी. स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन तो फीड पंपापेक्षा उंच जागी पक्का ठेवावा व नव्या रबरी नळीने थेट फीड पंपास जोडावा. विडी-काडी जवळ आणू नये. हवा काढून गाडी रात्रभर तशीच उभी ठेवावी. सकाळी ती चटकन सुरू झाली, तर पंप निर्दोष असून चीर टाकी व फीड पंप यांच्यामध्ये आहे.

हवा काढण्याची कृती अशी : फिल्टरवरील ब्लीडिंग स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारीत राहावे. आरंभी फेस येईल. बुडबुड्यांविना सलग डिझेल येऊ लागले की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. हीच कृती इंधन पंपावरील स्क्रूपाशी करावी. एवढ्याने भागले नाही, तर नोझलकडील नळ्यांचे नट एक-दीड फेरा सैल करून सेल्फ मारावा व डिझेल उडू लागताच ते आवळावेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नळीच्या सांध्यातील तांब्याचे वायसर नवे घालावेत. जुने पिळून आवळल्यास सांधा पुन्हा हवा घेतो.

इंजिन सुरू आहे पण लंगडते, अशा वेळी ते मंद चालवून एकेका नोझलच्या नळीचा नट कापडाआडून अर्धा फेरा सैल करावा. ज्या नळीने आवाज पडतो तो सिलिंडर काम देत आहे. ज्या नळीने काहीच फरक पडत नाही तेथे दोष आहे. मोकळ्या नोझलचा फवारा हातावर घेऊन पाहण्याची खोड मात्र अत्यंत घातक आहे. तो फवारा कातडी भेदून आत जातो व बोट गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

धूर आणि ताप

चढावर काळा धूर येऊन गाडी ओढत नसेल तर आधी हवेचा फिल्टर पाहावा. कच्च्या रस्त्याची धूळ खाल्लेला कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. तेलाचा असल्यास डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घालावे. फिल्टर स्वच्छ असूनही धूर राहिला तर नोझल तपासावयास द्यावेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. डिपस्टिकवर ऑइल प्रमाणाबाहेर भरलेले नाही ना, हे प्रथम पाहावे. ते योग्य असेल तर चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. तेथून जोराने धुराचे भपकारे येत असल्यास रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. तरीही कॉम्प्रेशन मोजून घेतल्याविना इंजिन उघडू देऊ नये, व मोजलेले आकडे कारागिराकडून लिहून घ्यावेत.

इंजिन तापणे हे जुन्या गाडीचे खरे मरण आहे. काटा चढू लागताच लाल रेषेची वाट न पाहता गाडी बाजूस घेऊन मिनिटभर मंद चालवावी व मग बंद करावी. पट्टा तुटला असेल वा पाणी वाहून गेले असेल तर मात्र इंजिन तत्क्षणी बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये. हेडला तडा जातो. थंड झाल्यावर फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा. तो सुमारे बोटभर जाडीइतकाच दबावा. रेडिएटरच्या जाळीत भुसा, कीटक व चिखल बसला असल्यास आतून बाहेर पाणी मारून धुवावा. आपल्याकडे विहिरीचे वा बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे घातले जाते आणि चहाच्या किटलीत बसतो तसा थर आत बसतो. यास्तव शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचे मिश्रणच वापरावे. ‘आपल्याकडे उष्ण हवा, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. त्याविना इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते व झीज वाढते. संशय आल्यास तो काढून पाण्यात बुडवून तापवावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. पाणी उकळेपर्यंत न उघडणारा बदलावा.

पाणी गळत नसता कमी होत असेल, तापलेल्या इंजिनातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, किंवा डिपस्टिकवर ताकासारखे ऑइल दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचे समजावे. अशी गाडी ‘बाजार करून येऊ, मग पाहू’ म्हणून हाकू नये. गॅस्केटच्या खर्चात भागणारे काम क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाते. माल दुसऱ्या गाडीत घालून द्यावा, त्याचे भाडे दुरुस्तीच्या मानाने अल्पच असते.

गाडीत एक जादा फॅन बेल्ट, तांब्याची काही वायसरे, हातभर डिझेलची नळी व क्लिपा, ब्लीडिंग स्क्रूस बसणारा पाना आणि पाच लिटर पाणी नेहमी ठेवावे. ऑइलच्या दाबाचा दिवा वाटेत लागल्यास इंजिन त्याच क्षणी बंद करून ऑइल पाहावे. पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह धरू नये.