हृदयाचे शेंकडा साठ

मागील वर्षीं आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस जिना चढतांना धाप लागूं लागली, म्हणून त्यांच्या मुलानें त्यांस एका रुग्णालयांत नेलें. तेथें हृदयाची ‘इको’ नांवाची तपासणी झाली व हातीं एक कागद मिळाला. त्यावरील बाकीचा मजकूर अगम्य होता. समजण्याजोगा आंकडा काय तो एकच, ६० टक्के. गृहस्थांचा सारा जन्म रेल्वेच्या हिशेब खात्यांत गेलेला. त्यांनीं तात्काळ वजाबाकी केली, आणि आपलें चाळीस टक्के हृदय निकामी झालें असा निकाल स्वतःच देऊन टाकला. अंबाझरीवरचें सकाळचें फिरणें बंद झालें, महालांत राहणाऱ्या बहिणीस भेटीचा निरोप गेला, घरांतील मंडळी हलक्या आवाजांत बोलूं लागली. पंधरा दिवसांनीं डॉक्टरांची गांठ पडली तेव्हां उलगडा झाला कीं ६० हा निरोगी माणसाचा आंकडा आहे. धाप लागत होती ती अंगांत रक्त कमी झाल्यामुळें.

शाळेंत आपण सर्व कांहीं शंभरांपैकीं मोजावयास शिकतों, तेव्हां असा घोटाळा होणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या आंकड्यानें एका घराची पंधरा दिवस झोंप उडविली, तो मुळांत काय आहे हें वाचकांनीं एकदां समजून घ्यावें, अशी आमची इच्छा आहे.

हृदयाचे चार खण असतात. त्यांपैकीं खालचा डावा खण, ज्यास डावें निलय म्हणतात, तो सर्वांत बलवान. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलें रक्त सर्व शरीरास पोंचविण्याचें काम त्याचें. काटोलकडील संत्र्यांच्या बागांतून पूर्वीं मोटा चालत. विहिरींतून वर आलेली मोट थारोळ्यांत पूर्ण रिती होई. डावें निलय मात्र कधींच पूर्ण रितें होत नाहीं. तें भरतें तेव्हां त्यांत समजा १२० मिलिलिटर रक्त आहे; आकुंचन पावून त्यानें ७० बाहेर टाकलें, व ५० आंत राहिलें. सत्तरास एकशेंवीसांनीं भागलें असतां सुमारें ५८ टक्के येतात. डॉक्टर यास इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. आमच्या नागपुरांत लोक सरळ ‘पंपिंग’ म्हणतात, आणि तो शब्द वाईट नाहीं. निरोगी पुरुषांत हा आंकडा साधारणतः ५२ ते ७२ व स्त्रियांत ५४ ते ७४ असतो. शंभर गुण मिळविणारें हृदय जगांत नाहीं. जें रक्त आंत उरतें, ती एक प्रकारची शिल्लकच होय. आपण धांवूं लागलों कीं निलय अधिक जोरानें आवळतें व त्या शिलकेंतून कांहीं भाग बाहेर काढतें. आंकडा ४० वा त्याहून खालीं गेला म्हणजे मात्र तें खरोखर दुर्बळ झालें असें समजतात.

आतां जिवंत माणसाच्या छातींतील हें पात्र मोजावयाचें कसें? इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें १७३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक युक्ति सांगितली आहे. त्यानें मेलेल्या घोड्याच्या हृदयांत वितळलेलें मेण ओतलें, व तें थिजल्यावर त्यावरून डाव्या निलयाचें आकारमान काढलें. युक्ति चतुर खरी, पण रोग्यास तिचा उपयोग काय? पुढें दोनशें वीस वर्षांनीं, १९५३ च्या ऑक्टोबरांत, स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर हे डॉक्टर व हेल्मुट हर्ट्‌झ हे पदार्थविज्ञानवेत्ते यांनीं धातूंतील चिरा शोधण्याचें यंत्र छातीवर लावून पाहिलें. तसलें यंत्र हर्ट्‌झ यांनीं प्रथम माल्मो येथील जहाजांच्या कारखान्यांत पाहिलें होतें. इको ती हीच.

तिचें तत्त्व डोंगराकडे तोंड करून आरोळी देणाऱ्या मुलासहि समजेल. कानास ऐकूं न येणारा ध्वनि बरगड्यांच्या फटींतून आंत सोडावयाचा, आणि तो हृदयाच्या भिंतीवर आपटून किती वेळानें परततो तें पहावयाचें. शरीराच्या मृदु भागांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १,५४० मीटर असतो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत प्रतिध्वनि आला, तर जाऊन येऊन १५.४ सेंटिमीटर, म्हणजे भिंत ७.७ सेंटिमीटर खोल आहे.

एवढ्यावरून घनफळ काढणें हें मात्र गणिताच्या तासाचें काम आहे. पूर्वींची सोपी रीत म्हणजे निलयाचा आंतील व्यास मोजून त्याचा घन करणें. भरतांना व्यास ५ सेंटिमीटर असल्यास घन १२५, आवळल्यावर ३.५ झाल्यास सुमारें ४३. म्हणजे ६६ टक्के रक्त बाहेर पडलें. परंतु मोजणाऱ्याच्या हातून ३.५ च्या जागीं ३.८ मोजले गेले, तर उत्तर ५६ येतें! तीन मिलिमीटरांच्या चुकीनें दहा टक्के नाहींसे झाले. शिवाय हृदयविकाराच्या झटक्यानें एकाच बाजूची भिंत लुळी पडलेली असेल, तर एका रेषेवरचें माप साफ फसवितें. म्हणून हल्लीं निलय दोन बाजूंनीं पाहून त्याचे भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणें एकावर एक वीस थर कल्पितात, व प्रत्येक थराचें घनफळ काढून बेरीज करितात. बेरीज यंत्र करितें. कडा कोठें आहे हें बहुधा माणूसच ठरवितो, आणि दोन अनुभवी माणसांच्या उत्तरांतहि पांच टक्क्यांचा फरक सहज पडतो.

उलट आंकडा उत्तम असूनहि माणूस आजारी असूं शकतो. झडप गळकी असेल तर निलयानें ढकललेलें कांहीं रक्त पुढें न जातां मागल्या खणांत शिरतें, पण हिशेबांत तेंहि ‘बाहेर पडलेलें’ म्हणूनच धरलें जातें. कित्येकांचें निलय आवळतें चांगलें, पण ताठर झाल्यामुळें सैल होऊन नीट भरत नाहीं. त्यांसहि धाप लागते. आणि पडलेला आंकडा पडलेलाच राहतो असेंहि नाहीं. योग्य औषधांनीं अनेकांचा तो महिन्यामहिन्यांनीं वर चढतो.

नागपुरांत दान झालेलीं हृदयें विमानानें परगांवीं नेलीं गेल्याचें वाचकांनीं वृत्तपत्रांत वाचलें असेल. काढलेलें हृदय सुमारें चार तासांच्या आंत दुसऱ्या छातींत बसवावें लागतें; पण ही धांवपळ करण्यापूर्वीं दात्याच्या हृदयाची इको होते, व डावें निलय कसें आवळतें यावर पुढचें सारें अवलंबून असतें. येथेंहि घाई करून चालत नाहीं. मेंदू मृत झाल्याच्या आघातानें चांगलें हृदयहि कांहीं काळ सुन्न होतें, आणि कांहीं तासांनीं पुन्हां तपासलें असतां सावरलेलें आढळतें. पहिल्याच आंकड्यावर तें नाकारलें, तर कोणा रोग्याची वाट पाहणें व्यर्थ जावयाचें.

आमच्या शेजाऱ्यांची परवां पुन्हां तपासणी झाली. धाप थांबली आहे, अंबाझरीच्या फेऱ्याहि सुरू झाल्या आहेत. तरी कागद घेऊन ते आमच्याकडे आलेच. यंदा आंकडा ५७ होता. “तीन कोठें गेले?” असें त्यांनीं विचारलें. आम्हीं पट्टी काढून त्यांस एक मिलिमीटर दाखविला.