पुसद ते अकोला : एका शब्दाचा खटला

वर्गात उर्दू शिकवताना ‘मुजाहिद-ए-आझादी’ आले की आम्ही ‘स्वातंत्र्यसैनिक’ असा अर्थ सांगून पुढे जातो. ‘जद्दोजहद’ तर रोजच्या बोलण्यातले. ‘जिहाद’ त्याच अरबी धातूचा. अर्थ झटणे, धडपडणे. पण एकदा एका मुलीने तो शब्द मोठ्याने वाचला आणि शेजारणीने तिला कोपराने ढोसले. आम्हालाही वर्गाचे दार लोटून घ्यावेसे वाटले, हे कबूल करतो.

याच शब्दाचा निवाडा आपल्या अकोल्यात झाला आहे. २५ सप्टेंबर २०१५, बकरी ईद. पुसदला मशिदीबाहेर बंदोबस्तावरच्या पोलिसांवर एका तरुणाने चाकूने हल्ला केला. राग गोवंश हत्याबंदीचा. पुढे तिघांवर यूएपीए लागला. २१ मे २०१९ रोजी अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही दहशतवादाच्या आरोपातून सोडले. केवळ ‘जिहाद’ म्हटले म्हणून कोणाला दहशतवादी ठरवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हल्ल्याबद्दल मात्र त्या तरुणाला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ईदच्या दिवशी ड्युटीवर उभा असलेला शिपाईही कुणाचा तरी बाप असतो. गंमत (गंमत कसली!) अशी की, शिक्षेपेक्षा जास्त काळ तो आधीच तुरुंगात होता.

कायदाच नको, असे आमचे म्हणणे नाही. २००६ मध्ये मालेगावात शबेबरातच्या दिवशी बडा कब्रस्तानजवळ बॉम्ब फुटले. मेलेले आपले होते. पकडलेलेही आपलेच, आणि त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये! खरे गुन्हेगार शोधण्याची वर्षे अशीच गेली.

यूएपीएत न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राला १८० दिवस मिळतात आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन अडतो. खटला रखडला तर वरची न्यायालये जामीन देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले; पण तिथवर पोचायला वकील आणि पैसा लागतो. पुष्कळ घरांत तोवर दागिने विकले जातात, बहिणीचे लग्न मोडते.

म्हणून घरातल्या बायकांनीही एवढे पाठ करावे : अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात. १५ मे २०२४ च्या निकालाने हे यूएपीएलाही लागू आहे. कोण आले, किती वाजता आले, कुठे नेले, हे त्याच रात्री मुलांच्या वहीत का होईना, लिहून ठेवावे.