1 रुपयाची सवलत, दरमहा कात्री

‘आज फक्त 1 रुपया’ म्हणून मिळणारी सवलत अनेकदा सभासदत्वाची चाचणी मुदत असते. यूपीआय पिन टाकताना पडद्यावर बारीक अक्षरांत ‘ऑटोपे’ लिहिलेलं असतं. तो पिन म्हणजे पुढच्या दर महिन्याच्या कपातीला दिलेली संमती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 क्लृप्त्यांना मनाई केली. न विचारता खरेदीत भलतीच वस्तू घुसडणं, सभासदत्व रद्द करण्याची वाट किचकट ठेवणं, हे सगळं त्यात आलं. कागदावर नियम चोख. ‘रद्द करा’चं बटण मात्र अजूनही हुडकावं लागतं!

म्हणून थेट यूपीआय अ‍ॅपच्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन संमतीच रद्द करा. खरेदीचं अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाकल्याने कपात थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. जाहिरातींच्या गर्दीत तो मेसेज सुटतो.

पैसे गेलेच तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनी परराज्यातली असली तरी धुळ्यातल्या देवपूरचा ग्राहक धुळ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्क लागत नाही.