वहीचं पान फाडायचं नाही

फौजेतले आम्ही निवृत्त लोक भेटलो की प्रत्येकाच्या डोक्यात एक पुस्तक तयार असतं. कागदावर मात्र पहिली दहा पानं, तीही चार वेळा बदललेली. त्यातले काही जण आता नाहीत. त्यांची पुस्तकंही त्यांच्याबरोबर गेली.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं ते १९१०-११च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत. सुटे कागद मिळत नव्हते. बांधलेल्या, पानं मोजलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल, बस्स. अर्थात त्यामागचा विचार कितीतरी वर्षांचा होता.

मला त्यातली बांधलेली वही फार उपयोगी वाटते. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक पानावर आकडा घाला. पहाटे साडेपाच ते साडेसहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. रोज दोन पानं. खोडायला परवानगी, फाडायला नाही. एखादी तारीख किंवा गावाचं नाव आठवलं नाही, तर जागा मोकळी सोडून पुढे चला. शोधायला उठलात की तो तास गेलाच. मूड नसला तर? गार्ड ड्युटीला आमचा मूड कोणी विचारला नव्हता.

मागचं वाचायचं ते वही भरल्यावरच. म्हणजे शंभर दिवसांनी.