मारव्यात शिरलेला सॅक्सोफोन

संध्याकाळी गोदामातून सुटलो की मानकोलीच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली असते. दापोड्यातला हा रोजचा अर्धा तास मी ‘मारवा ब्लूज’ला दिला आहे. वेळही मारवा रागाचीच.

वाजवणारा जॉन हँडी, चार्ल्स मिंगसच्या बँडमधून पुढे आलेला अमेरिकन ऑल्टो सॅक्सोफोनवादक. अल्बमचं नाव ‘करुणा सुप्रीम’. सॅक्सोफोनवादक कोलट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बममधल्या प्रेमाच्या जागी इथे करुणा आली. १९७५च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फिलिंगेन गावी तो ध्वनिमुद्रित झाला. सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तानपुऱ्यावर योगीश सहोता आणि तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन, वय अवघं चोवीस.

गंमत अशी, की खाँसाहेबांचं संगीत महाविद्यालय कॅलिफोर्नियात सॅन राफेलला, हँडी जवळच सॅन फ्रान्सिस्कोत. शेजाऱ्यांची ही मैफल टेपवर आली ती मात्र ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीत, एमपीएस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. मालक हान्स गेऑर्ग ब्रुनर-श्वेर हे साबा रेडिओ बनवणाऱ्या घराण्यातले. ध्वनिमुद्रणाचं वेड असं, की ऑस्कर पीटरसनला घरी बोलावून, मोजक्या मित्रांसमोर बसवून त्यांनी त्याचा पियानो टेपवर घेतला होता. याच स्टुडिओत १९६७ साली ‘जॅझ मीट्स इंडिया’ हा अल्बमही झाला होता.

हँडीपुढची अडचण मला फार मोठी वाटते. पियानो, बास, ड्रम यांपैकी सोबतीला काहीच नाही. जॅझवाला कॉर्ड बदलत जातात तसा वळतो. इथे तानपुऱ्याचा सा हलतच नाही. सरोदला पडदे नसतात, त्यामुळे खाँसाहेबांची मींड तारेवरून सरळ घसरते. सॅक्सोफोनला कळा असतात. तिथे मींड ओठांच्या दाबावर आणि श्वासावर काढावी लागते. त्यात मारव्याला पंचम वर्ज्य. पण ब्लूजचा लाडका उतरलेला पाचवा सूर म्हणजेच आपला तीव्र मध्यम! दोन्ही घरांचा उंबरठा एकाच सुरावर आहे, हे ध्यानात आलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबून तो तुकडा पुन्हा ऐकला.

फ्यूजनच्या नावाखाली पुढे खूप काही वाजलं. एकमेकांचं ऐकून घेण्याचा इतका संयम मला क्वचितच सापडला. चारच तुकडे आहेत, पहिला गणेशाच्या नावाचा. तुम्ही मात्र सुरुवात ‘मारवा ब्लूज’पासून करा, दिवेलागणीला, आणि झाकीरभाईंचा डग्गा नीट ऐकू येईल असे हेडफोन लावून.