केसपेपर संगणकावर गेला. सांभाळणारे हात कुठे आहेत?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजेच 'एम्स'मध्ये, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी संगणक बंद पडले आणि देशातील या अग्रगण्य सरकारी रुग्णालयाला पुन्हा कागद-पेन हाती घ्यावे लागले. ओपीडीची नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, बिले, रुग्णाला घरी सोडण्याची कागदपत्रे असे सगळे काही दिवस हाताने लिहिले जात होते. खंडणीखोर सायबर हल्लेखोरांनी पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली होती. संस्थेच्या संगणकजाळ्याचे विभाग परस्परांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, त्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव करता आला, असे कारण सरकारने नंतर संसदेत दिले.

जाळे नीट विभागणे हे यंत्राचे नव्हे, माणसाचे काम आहे. ते कुणी तरी रोज पाहावे लागते. अशी माणसे कुठून येतात, त्यांना कोण शिकवते आणि शिकल्यावर ती रुग्णालयात टिकतात का, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. संगणक-खरेदीची निविदा निघते, उद्घाटनाची फीत कापली जाते. माणसांचा हिशेब मात्र मागे राहतो.

हा केवळ संगणक दुरुस्त करणाऱ्यांचा विषय नाही. एकच आजार एक डॉक्टर 'शुगर' लिहितो, दुसरा 'मधुमेह', तिसरा 'डीएम'. माणसाला तिन्हींचा अर्थ कळतो, संगणकाला कळत नाही. एकाच नावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असतील तर पडद्यावर त्यांची गल्लत होऊ नये, लहान मुलाच्या औषधाची मात्रा वजनानुसार तपासली जावी, धोक्याची सूचना खऱ्या धोक्याच्या वेळीच दिसावी, या गोष्टी ठरवायला वॉर्डातले कामकाज आणि संगणक दोन्ही कळावे लागतात. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाने औषधांचे आदेश संगणकावरून देण्याची पद्धत सुरू केली आणि काही महिन्यांतच, जानेवारी २००३ मध्ये, डॉक्टरांच्या विरोधामुळे ती थांबवली. यंत्रणा चालत होती. पण डॉक्टरांच्या कामाच्या पद्धतीशी तिचा मेळ बसत नव्हता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील अशाच एका प्रणालीचा अभ्यास २००५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या प्रणालीमुळे औषधचुकांचे २२ प्रकारचे धोके निर्माण होऊ शकतात, असे त्यात आढळले. चूक टाळण्यासाठी आणलेले साधनच चुकीला वाट करून देत होते.

अमेरिकेचा प्रयोग

मनुष्यबळाचा हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवण्याचा प्रयत्न अमेरिकेने केला आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. आर्थिक मंदीच्या काळात, १७ फेब्रुवारी २००९ रोजी, अध्यक्ष बराक ओबामा यांनी आर्थिक उत्तेजनाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील 'हायटेक' या भागानुसार, इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी वापरणाऱ्या रुग्णालयांना व डॉक्टरांना अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन अनुदान मिळणार होते. २००८ मध्ये तेथील दहातील एका रुग्णालयातही अशी साधी प्रणाली नव्हती. अनुदानासाठी सारे एकाच वेळी धावणार, हे उघड होते. प्रणाली बसवणार, डॉक्टरांना शिकवणार आणि चालवणार कोण?

ओरेगॉनच्या आरोग्य व विज्ञान विद्यापीठातील डॉ. विल्यम हर्श यांनी २००८ मध्येच आणखी सुमारे चाळीस हजार माणसे लागतील, असा अंदाज मांडला होता. सरकारी अंदाज तर पाच वर्षांत ५१ हजारांच्या तुटवड्याचा होता. त्यासाठी सुमारे ११ कोटी ८० लाख डॉलर बाजूला काढण्यात आले. त्यातील मोठा वाटा, सुमारे सात कोटी डॉलर, सामान्यांच्या आवाक्यातील दोन वर्षांच्या 'कम्युनिटी कॉलेजां'ना मिळाला. देशाचे पाच विभाग करून ऐंशीहून अधिक महाविद्यालये जोडली गेली. पाच विद्यापीठांनी अभ्यासक्रम लिहिला आणि नऊ विद्यापीठांवर उच्च शिक्षणाची जबाबदारी सोपवली गेली.

अभ्यासक्रम सहा महिन्यांचा होता, पदवी मिळणार नव्हती. कामाच्या सहा भूमिका आधीच निश्चित केल्या होत्या. दवाखान्यातील कामाचा क्रम नव्याने आखणारा, डॉक्टरांना सल्ला देणारा, प्रणाली बसवण्यास मदत करणारा, त्या कामाचे व्यवस्थापन करणारा, तांत्रिक आधार देणारा आणि कर्मचाऱ्यांना शिकवणारा, अशा त्या भूमिका. यांतील निम्म्याहून अधिक कामे 'प्रोग्रामिंग'ची नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वर्षाला साडेदहा हजार माणसे तयार करण्याचे उद्दिष्ट होते. २०१३ पर्यंत एकोणीस हजारांहून अधिक जणांनी हे प्रशिक्षण पूर्ण केले. दरम्यान रुग्णालयेही बदलली. २०१५ पर्यंत किमान पातळीची इलेक्ट्रॉनिक नोंद वापरणाऱ्यांचे प्रमाण ८३ टक्क्यांच्या पुढे गेले.

तरीही सगळे गोड झाले नाही. आरोग्यसेवेत आधीपासून असलेल्यांना, म्हणजे परिचारिका, नोंदकक्षातील कारकून, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांना, या शिक्षणाचा चांगला उपयोग झाला. बाहेरून आलेल्यांना मात्र नोकरीच्या दारात 'अनुभव आहे का?' हा जुनाच प्रश्न भेटला. रुग्णालयांना आपल्याकडील विशिष्ट कंपनीच्या प्रणालीवर काम केलेला माणूस हवा होता आणि तो अनुभव त्या प्रणालीवर बसल्याशिवाय मिळत नव्हता. वर्गातील प्रमाणपत्र आणि वॉर्डातील कसब यांत अंतर राहिलेच. प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीला पुरेशी जागा नसलेल्या अभ्यासक्रमाची मर्यादा येथे उघड झाली.

शिकवून तयार केलेला माणूस जातो कुठे?

टिकवण्याचा प्रश्न शिकवण्यापेक्षा अवघड ठरला. प्रणाली बसवण्याच्या काळात रुग्णालय आपल्या खर्चाने माणसे शिकवते. ती तयार झाली की सल्लागार कंपन्या अधिक पगार देऊन त्यांना उचलतात आणि त्याच कामासाठी वाढीव दराने रुग्णालयाकडे परत पाठवतात. काही रुग्णालयांनी त्यावर करार केले: ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत द्यावा लागेल. अशा कराराने माणूस अडकून राहतो, रमत नाही.

रमण्यासाठी त्याला पुढची पायरी दिसावी लागते. चांगली परिचारिका संगणकाच्या कामासाठी निवडली जाते, वॉर्डात सहकाऱ्यांच्या शेजारी उभी राहून त्यांना शिकवते, रात्री-अपरात्री फोन घेते. परंतु बढतीच्या यादीत तिचे हे काम कुठल्याच रकान्यात बसत नाही. परिचर्या विभाग म्हणतो, ही आता संगणकवाल्यांची. संगणक विभाग म्हणतो, ही तर परिचारिका. डॉक्टरांबाबत अमेरिकेने यावर तोडगा काढला. तेथील वैद्यक विशेषज्ञ मंडळाने २०११ मध्ये 'क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्स' ही स्वतंत्र उपशाखा मान्य केली आणि २०१३ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. त्यामुळे संगणकावर काम करणाऱ्या डॉक्टरला 'रुग्ण सोडून बसलेला' असे म्हणण्याऐवजी विशेषज्ञ म्हणणे भाग पडले.

ब्रिटनला हे उशिरा आणि महागात उमगले. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेचा २००२ साली सुरू झालेला अवाढव्य संगणक प्रकल्प २०११ मध्ये गुंडाळावा लागला. त्यानंतर अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट वॉचर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये दिलेल्या अहवालाचा भर यंत्रांपेक्षा माणसांवर होता: वैद्यक आणि संगणक दोन्ही जाणणारे लोक रुग्णालयांत फार थोडे आहेत, आधी ते तयार करा.

आपल्याकडे काय?

भारताचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि 'आभा' क्रमांकांची संख्या ७० कोटींच्या पुढे गेली आहे. क्रमांक देणे हा त्यातला सोपा भाग. त्या क्रमांकाला जोडलेली नोंद शुद्ध, एकसारखी आणि सुरक्षित ठेवणे हे खरे काम. या कामाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांसाठीचे राष्ट्रीय केंद्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुण्याच्या सी-डॅकमध्ये उभारले. आजार, लक्षणे व उपचारांना जगभर एकच सांकेतिक भाषा देणाऱ्या 'स्नोमेड सीटी'चा भारत २०१४ पासून सदस्य आहे आणि देशातील तिचे काम याच केंद्रातून चालते. 'शुगर' आणि 'मधुमेह' यांची गाठ घालून देणारी ही भाषा. पण ती तालुक्याच्या रुग्णालयात वापरणार कोण, येथे गाडी अडते.

सरकारी रुग्णालयांतील संगणकाचे काम बहुतांशी डेटा एंट्री ऑपरेटरवर ढकलले जाते आणि तो बहुधा कंत्राटी असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी कायम सेवेसाठी राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये संप केला, तेव्हा या नोंदी किती अस्थिर पायावर उभ्या आहेत ते दिसले. गावपातळीवर हे ओझे परिचारिका आणि आशा कार्यकर्तीवर येते. क्षयरोगाची नोंद एका पोर्टलवर, गरोदर मातेची दुसऱ्यावर, शिवाय कागदी रजिस्टर आहेच. दुसरीकडे, ज्या पुणे-मुंबईतील कंपन्यांत अमेरिकी रुग्णालयांची बिले, संकेतांकन आणि प्रणालींची देखभाल चालते, तेथे हेच कसब असलेल्या मराठी तरुण-तरुणींना कायम नोकरी आणि बढती मिळते. मग जिल्हा रुग्णालयात त्यांनी का यावे? पगाराच्या फरकाला देशप्रेमाचे आवाहन हे उत्तर नव्हे.

कायद्याने मात्र एक दार उघडले आहे. सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात व्यवसायांचे दहा गट नमूद आहेत. फिजिओथेरपी, क्ष-किरण तंत्रज्ञान, प्रयोगशाळा यांच्या रांगेत दहावा गट आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि आरोग्य इन्फॉर्मेटिक्सचा आहे. म्हणजे हे काम करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने आता कारकून नाही, आरोग्य व्यावसायिक आहे. त्याची नोंदणी, अभ्यासक्रम आणि पात्रता ठरवण्यासाठी राष्ट्रीय आयोग व राज्य परिषदांची तरतूद आहे. रुग्णालयाच्या आकृतिबंधात पद निर्माण करणे आणि त्याला वेतनश्रेणी देणे हा निर्णय मात्र ज्या त्या सरकारचा आहे. त्यासाठी आरोग्य खात्याचा प्रस्ताव वित्त विभागाच्या टेबलावरून पुढे सरकावा लागतो.